सहामाही ग्रेड पाठवायचेच

लेकीला अमेरिकेतल्या कॉलेजचा डिसेंबरमध्ये अर्ली डिसिजनचा (लवकर अर्ज करायचा, होकार आला तर तिथेच जायचं) होकार आलाय, मग आता बारावीचे सहामाही ग्रेड कशाला, असं एका पालकांनी विचारलंय. कॉलेजने मागितले असतील तर पाठवायचेच. होकारपत्र नीट वाचा, प्रवेश हा बारावीचं वर्ष नीट पार पाडण्याच्या अटीवर असतो. कॉमन ॲपमधला (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे सहामाही ग्रेडचा अहवाल, शाळेचे काउन्सेलर भरतात, पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड लागले की. त्यांच्या हाताखाली खूप मुलं असतात, म्हणून लेकीने मेल टाकून आठवण करावी आणि कॉलेजच्या पोर्टलवर तो पोचलाय का ते बघावं. आमच्या मुलाचा कॅल्क्युलसमध्ये ए चा बी झाला तेव्हा पोटात गोळाच आला होता, पण कॉलेजने काही विचारलं नाही. डी किंवा एफ आला, न कळवता एपी (शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा) विषय सोडला, तर मात्र खुलासा मागतात, क्वचित प्रवेशही काढून घेतात. असं काही झालं असेल तर रिपोर्ट जाण्याआधी तिनेच ॲडमिशन ऑफिसला लिहावं.