एकाच प्रोसेसरची तीन तापमाने: कोणते खरे धरावे?

शिरोलीकर (धागाकर्ता):
शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीच्या डिझाइन विभागात रायझन ७ १८००एक्स प्रोसेसरचा एक जुना संगणक अजून कामाला आहे. कास्टिंगचे सिम्युलेशन चालू असताना त्यावर कित्येक वर्षे पडून असलेले एक सॉफ्टवेअर ८७ अंश दाखवते, नुकतेच बसवलेले दुसरे ६७ दाखवते आणि मदरबोर्डसोबत आलेल्या तिसऱ्याचा आकडा ५९ च्या पुढे जात नाही. दुरुस्तीवाल्याने ८७ पाहून थेट नवा कूलरच सुचवला. भट्टीवर दोन वाचनांत फरक आला तर आम्ही कमी आकडा धरतो, कारण थंड धातू साचा पुरता भरत नाही. इथे धोका उष्णतेचा आहे, म्हणून सर्वांत मोठा आकडाच खरा धरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यमनगरकर:
हे मत मला मान्य नाही. ८७ आणि ६७ यांत बरोबर २० चा फरक आहे, आणि संगणक मोकळा असतानाही तो २० च राहत असेल, तर तो मोजमापातला नसून बेरजेतला फरक आहे. १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांचे टी-कंट्रोल हे वाचन (पंखे ज्यावर चालतात तो आकडा) चिपच्या प्रत्यक्ष तापमानापेक्षा २० अंशांनी वाढवलेले असते, हे ते बनवणाऱ्या एएमडी कंपनीने मार्च २०१७ मध्येच जाहीर केले होते. नवे सॉफ्टवेअर ते २० वजा करते, जुने करत नाही. ५९ चा आकडा बहुधा सॉकेटजवळच्या, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेजवळच्या, सेन्सरचा असावा. तिथे उष्णता उशिरा आणि कमी पोहोचते. दुरून तापमान मोजणारा पायरोमीटर धातूवरच्या मळीवर (स्लॅगवर) रोखला आणि थर्मोकपल हा सेन्सर धातूत बुडवला, तर दोन्हींचे आकडे जुळावेत अशी अपेक्षा तुम्ही भट्टीवर तरी ठेवता का?

रंकाळाकाठ:
उद्यमनगरकरांचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. एएमडीने त्या वाढीचे कारणही सांगितले होते: एएम४ सॉकेटवरील सर्व प्रोसेसरांची टी-कंट्रोलची कमाल मर्यादा एकच राहावी, म्हणजे पंख्यांचे धोरणही सर्वांना एकच लागू पडेल. तेव्हा मर्यादा किती जवळ आली हे पाहायचे असेल तर ८७ हा आकडा टाकाऊ ठरत नाही. उलट टी-कंट्रोलची मर्यादा ९५ असताना ६७ पाहून ‘९५ ला अजून २८ अंश आहेत’ असे म्हणत निर्धास्त होणे, हीच मोजपट्ट्यांची सरमिसळ आहे.

इंटेलच्या चिपमधील सेन्सर तर थेट तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच सांगतो. कोअर २ या जुन्या प्रोसेसरांच्या काळात ही मर्यादा अनेक सॉफ्टवेअरना अंदाजाने धरावी लागे, आणि ज्याचा अंदाज वेगळा त्याचे तापमान वेगळे. त्यानंतरच्या नेहालेम पिढीपासून ती चिपमधूनच वाचता येऊ लागली. शिवाय हे सेन्सर मर्यादेजवळ भरवशाचे आणि थंड असताना ढिले असतात, त्यामुळे मोकळ्या संगणकावरच्या आकड्यांवरून वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

उद्यमनगरकर:
मोजपट्टीचा मुद्दा मान्य. पण कूलर घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरत नाही. सिम्युलेशन ऐन भरात असताना तापल्यामुळे प्रोसेसरचा वेग त्याच्या मूळ ३.६ गिगाहर्ट्झच्या खाली घसरतो का, ते आधी पाहावे.

शिरोलीकर:
पाहिले. अर्ध्या तासात वेग एकदाही ३.६ च्या खाली आला नाही. मोकळ्या संगणकावर ५८ आणि ३८ आले, म्हणजे फरक तोच २०. मोठा आकडा धरण्याचे मत मी सोडत नाही. फक्त ते तापमान म्हणून न धरता मर्यादेपर्यंतचे अंतर मोजण्यासाठी धरीन. कूलरचा विचार रद्द केला आणि हीटसिंक उघडून ब्रशने साफ केला, तर त्यातून फाउंड्रीच्या वाळूची चिमूटभर नव्हे, मूठभर धूळ निघाली. आता तेच सिम्युलेशन चालवल्यावर ८१, ६१ आणि ५६ दिसत आहेत.