‘एकूण’ दिसलं की बेरीज? मग मुलांनी वाचायचं कधी?

अर्धविराम

परवा या चर्चामंचावर ‘शाब्दिक उदाहरणं सोडवायची सोपी युक्ती’ असा एक धागा आला. त्यात तक्ता होता: ‘एकूण’, ‘मिळून’, ‘जास्त’ दिसलं की बेरीज. ‘उरले’, ‘कमी’ दिसलं की वजाबाकी. ‘प्रत्येकी’ म्हणजे गुणाकार, ‘समान वाटले’ म्हणजे भागाकार. शब्दाला गोल करायचा, आकड्यांखाली रेघ मारायची, क्रिया करून मोकळं व्हायचं. खाली ढीगभर लोकांनी ‘प्रिंट काढून भिंतीवर लावला’ असं लिहिलंय. तिथे दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

हे उदाहरण बघा. ‘मीनाकडे १२ मणी आहेत. ते राजूकडच्या मण्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. राजूकडे किती मणी आहेत?’ माझ्याकडे संध्याकाळी तिसरी-चौथीची पाच-सहा मुलं येतात. त्यातल्या एका मुलीची वही माझ्यासमोर होती. ‘जास्त’भोवती सुबक गोल, १२ आणि ४ खाली पट्टीने मारलेल्या रेघा, चौकटीत १६, आणि खाली वळणदार अक्षरात ‘राजूकडे १६ मणी आहेत.’ मी फक्त विचारलं, जास्त मणी कोणाकडे? तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, मीनाकडे. मग राजूकडे १६ कसे? ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग गुपचूप खोडरबर हातात घेतला.

म्हणजे गोष्ट तिला कळलेली होती. तक्त्याने तिला त्या गोष्टीकडे बघूच दिलं नाही.

१९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणितशिक्षणाच्या संस्थेने दुसरी-तिसरीच्या मुलांना एक प्रश्न घातला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दाखवलं. ती मुलं मठ्ठ नव्हती. आकडे दिसले की काहीतरी करायचं, हेच त्यांना शाळेत कळलेलं होतं.

मी काय करते ते सांगते. उदाहरणातले आकडे कागदाच्या पट्टीने झाकते. ‘मीनाकडे काही मणी आहेत, ते राजूपेक्षा काही जास्त आहेत.’ आता सांग, काय चाललंय? मग एक वाक्य लिहायचं: काय घडलंय. दुसरं वाक्य: काय विचारलंय. मग दोन आडव्या पट्ट्या काढायच्या, एक लांब, एक आखूड, नावं घालून. आकडे उघडायचे ते त्यानंतर. आणि आठवड्यातून एकदा उलटं करायचं: १५ − ६ देते, त्यावर गोष्ट तुम्ही लिहा. गणिताच्या वहीत वाक्यं लिहायला लावणं म्हणजे भाषेचा तास घुसडणं नव्हे. वाक्य लिहिल्याशिवाय मुलाला काय कळलंय ते मला तरी समजत नाही.

पाटीपेन्सिल

तक्ता माझ्याही वर्गात लावलेला आहे, तेव्हा मला उत्तर द्यायलाच हवं.

तुमच्याकडे पाच-सहा मुलं. माझ्या वर्गात सत्तेचाळीस. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं वह्या काढण्यात जातात. तिसरीत आलेली आठ-दहा मुलं अजून अक्षर अक्षर जुळवत वाचतात. त्यांच्या हातात शाब्दिक उदाहरण दिलं की ती पान कोरं ठेवतात आणि माझ्याकडे बघतही नाहीत. तक्ता लावल्यापासून ती निदान पेन्सिल उचलतात. दहापैकी सहा उदाहरणं बरोबर येतात. ज्या मुलाचं आजवर एकही बरोबर आलेलं नाही, त्याला सहा बरोबर आल्यावर काय वाटतं ते मी रोज बघते.

आणि दोन वाक्यं लिहायची म्हणजे सत्तेचाळीस गुणिले दोन वाक्यं मी तपासायची. कधी?

तिरपी रेघ

अर्धविराम, तुमच्यासारख्यांनीच माझ्या मुलाचं गणित नासवलं.

त्याला उत्तर दिसतं. वाचून संपेपर्यंत तोंडात असतं. शाळेत म्हणे पायऱ्या लिहा, विधान लिहा, ‘म्हणून’ लिहा, शेवटी पूर्ण वाक्य लिहा. मागच्या चाचणीत सगळी उत्तरं बरोबर असून अर्धे गुण गेले. घरी येऊन म्हणाला, बाबा, मला गणित येत नाही. ज्याला येतं त्याला ‘येत नाही’ असं वाटायला लावणारी ही पद्धत आहे. लिहायचं भाषेच्या वहीत. गणित डोक्यात होतं.

अर्धविराम

पाटीपेन्सिल, दहापैकी सहा बरोबर येतात कारण त्या पाठातली उदाहरणंच तशी घातलेली असतात. बेरजेच्या पाठाखाली बेरजेचीच उदाहरणं. मिश्र उदाहरणं द्या आणि मग मोजा.

तिरपी रेघ, उत्तर दिसतं हे छान आहे. पण बरोबर हिशेब आणि बरोबर उत्तर यांत फरक असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत हा प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं, ‘३१, बाकी १२’. बाकी १२ बस कुठून आणायच्या? ‘एकूण … बस लागतील’ असं वाक्य पूर्ण करायला लावलं असतं तर निदान काही जण त्या रिकाम्या जागेपाशी थांबले असते.

मोजपट्टी

अवांतर आहे, पण लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी चाळीस वर्षं यंत्रांची आरेखनं तपासली. मुलांच्या वह्यांत एक गोष्ट बघून माझ्या डोक्यात तिडीक जाते. ती अशी:

१२ + ५ = १७ × २ = ३४ − ४ = ३०

नातीच्या वहीत हे होतं आणि बाजूला बरोबरची खूण होती. ओळ वाचा. बारा अधिक पाच म्हणजे तीस, असं ती ओळ म्हणते. हे धादांत खोटं आहे. बरोबरचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने आणलं. दोन समांतर समान रेघा घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. आपल्या मुलांसाठी त्या रेघांचा अर्थ ‘आणि मग’ असा झालाय. कॅल्क्युलेटरचं बटण दाबल्यासारखा.

नातीला मी विचारलं, ८ + ४ = ▢ + ५, चौकटीत काय येईल? म्हणाली १२. मग थोडं थांबून, ‘नाही, १७.’ सात हे तिच्या मनातही आलं नाही. पुढे बीजगणितात हीच मुलं आपटतात आणि आपण म्हणतो बीजगणित अवघड. तुम्ही वाक्यांचं काय घेऊन बसलात, आधी हे चिन्ह लिहायला शिकवा. एका चुकीच्या ‘=’ ला एक गुण कापला पाहिजे, पहिलीपासून.

तिरपी रेघ

पहिलीपासून गुण कापणार! सात वर्षांच्या मुलाचे! त्याने मनात बारा अन् पाच सतरा, सतरा दुणे चौतीस, वजा चार तीस केलं, तेच कागदावर आलं. विचार बरोबर, उत्तर बरोबर. त्याला तुम्ही खोटारडा म्हणताय.

मोजपट्टी

मुलाला नाही, ओळीला खोटी म्हणतोय. आरेखनावर एक रेघ चुकीची गेली तर ‘मनात बरोबर होतं’ म्हणून चालत नाही. भाग बसत नाही.

पाटीपेन्सिल

मोजपट्टी, मुलं यंत्रांचे भाग नाहीत. तुम्ही कधी वर्गात उभे राहिलाय?

आणि हो, मी स्वतः फळ्यावर असंच लिहिते. तोंडी हिशेब चालू असताना मुलं बोलतात तसं लिहीत जाते. आजवर कोणी हरकत घेतली नाही.

मोजपट्टी

मग मुलं कुठून शिकली याचं उत्तर मिळालं. शिक्षकांनाच चिन्हाचा अर्थ ठाऊक नसेल तर बोलणंच खुंटलं.

पाटीपेन्सिल

अठरा वर्षं शिकवतेय. मला अर्थ ठाऊक नाही हे एका ओळीवरून ठरवलंत? नात एक, ती तुमच्याशेजारी बसून शिकते. माझ्या वर्गात या एक दिवस, मग बोला.

अर्धविराम

मोजपट्टी, हे वैयक्तिक झालं. मुद्दा मला पटतो, तो सांगायची रीत पटत नाही. गुण कापून काहीच होणार नाही. बाणाने लिहू द्या: १२ + ५ → १७, १७ × २ → ३४. साखळीही राहते आणि ओळ खोटीही ठरत नाही. आणि ▢ + ५ = ८ + ४, ७ = ▢ − २ अशी उदाहरणं पहिलीपासून मिसळली तर ‘बरोबर म्हणजे आता उत्तर लिहायचं’ हा समज घट्ट बसत नाही.

शेवटचा बाक

इतका वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे लिहिण्याबद्दल असं बोलताय, जणू लिहिता येणं हे गृहीतच आहे.

मी तो मुलगा होतो. अक्षरं उलटी पडायची, ओळ खाली घसरायची, ‘प’ आणि ‘ष’ मध्ये मी आजही थांबतो. गणित यायचं. चौथीत बाईंनी सगळ्यांना ‘तुम्ही उदाहरण कसं सोडवलंत ते लिहा’ असं दिलं. मला उत्तर दोन मिनिटांत मिळालं होतं. पुढची वीस मिनिटं मी एका वाक्याशी झगडलो, खोडून खोडून कागदाला भोक पडलं. बाईंनी तो कागद सगळ्यांना दाखवला. त्यानंतर मी गणितातही हात वर केला नाही. आज माझी मुलगी तिसरीत आहे आणि तिचंही तसंच आहे.

अर्धविराम, तुमची दोन वाक्यं अशा मुलांकडून तिथेही गुण काढून घेतात जिथे त्यांना चार गुण मिळू शकले असते. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलांचंही तेच. तक्ता तुम्हाला आवडत नाही, मान्य. पण तुमच्या पद्धतीतही कोणीतरी बाहेर राहतंच.

अर्धविराम

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, म्हणून दोन दिवस लिहिलं नाही.

मान्य. मी ‘लिहायचं’ म्हणाले तिथे मला ‘सांगायचं’ म्हणायला हवं होतं. मूल बोलेल, मोठ्यांनी किंवा शेजारच्या मुलाने तेच शब्द लिहून घ्यावेत, मग मुलाने ते परत वाचावं. किंवा नुसत्या पट्ट्या काढाव्यात. सिंगापूरमध्ये १९८० च्या दशकापासून पट्ट्यांची चित्रं प्राथमिक वर्गात वापरतात, त्यांत शब्द फार लागतच नाहीत. आणि शुद्धलेखनाच्या चुकीसाठी गणितात गुण कापणं हा अन्याय आहे, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. पण लिहिणं सोडून द्यायचं, हे मला अजूनही पटत नाही. ते हळूहळू आलं पाहिजे.

तिरपी रेघ

म्हणजे गुण कापायचे नाहीत, वाक्याची सक्ती नाही. मग आपण भांडत कशावरून होतो? एवढं म्हणेन की बसचा प्रश्न मी मुलाला घातला. तो ‘एकतीस’ म्हणाला आणि खेळायला पळाला.

पाटीपेन्सिल

मला एक सांगायचंय, या लिहिण्याच्या आग्रहाचा मला इतका राग का येतो ते. प्रशिक्षणात आम्हाला एक छापील कागद दिला. चार चौकटी: ‘समजून घ्या’, ‘योजना करा’, ‘अमलात आणा’, ‘मागे वळून बघा’. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये या चार पायऱ्या मांडल्या, त्याही मोठ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून. त्याने प्रत्येक पायरीला शिक्षकाने विचारायचे प्रश्न दिले होते: काय माहीत आहे? काय शोधायचंय? असं काही पूर्वी पाहिलंय का? आमच्याकडे त्याचा फॉर्म झाला. मुलं पहिल्या चौकटीत ‘मी समजून घेतले’ असं लिहायची. सत्तेचाळीस कागदांवर ‘मी समजून घेतले’. तपासणीला येणारे चौकटी भरल्यात का एवढंच बघायचे.

तरी परवा आकडे झाकायचा प्रयोग करून बघितला. लिहिणं नाही, नुसतं तोंडी. फळ्यावर एकच उदाहरण, आकड्यांच्या जागी कागद चिकटवलेले. वर्गात एवढा गोंगाट झाला की शेजारच्या बाई डोकावल्या. जो मुलगा नेहमी पान कोरं ठेवतो तो उभा राहून म्हणाला, ‘बाई, राजूकडे कमीच असणार, आकडा कुठलाही असू दे.’

तक्ता मी काढलेला नाही, काढणारही नाही. ‘जास्त’ आणि ‘कमी’च्या ओळींवर मात्र कागद चिकटवलाय. आणि फळ्यावर आता बाण काढते. मोजपट्टी, हे तुम्ही ओरडलात म्हणून नाही.

मोजपट्टी

बाण चालेल. शिक्षकांनाच अर्थ ठाऊक नाही असं मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

पाटीपेन्सिल

ठीक आहे.

आता एक विचारायचंय. १५ − ६ वर गोष्ट लिहायला दिली, जमेल त्यांनीच. त्याच मुलाने शेजारणीकडून लिहून घेतलं: ‘वर्गात १५ खुर्च्या होत्या. ६ मुलं उभी होती. किती खुर्च्या रिकाम्या?’ खाली ९. मुलं उभी आहेत, मग बसलेली किती हे कुठेच नाही. चूक म्हणून खोडावं असं वाटत नाही, पण बरोबरची खूणही करवत नाही. वही अजून माझ्या पिशवीत आहे.

शेवटचा बाक

खूण करू नका. ‘उभी असलेली मुलं खुर्चीवर का बसली नाहीत?’ एवढंच त्याला विचारा, आणि तो काय म्हणतो ते इथे लिहा.