देवलांच्या पदावर कॉपीराइट कुणाचा?

हरिपूरकर
आमच्या आळीतल्या मुलीनं 'शारदा'तलं एक पद म्हटलं. पेटी, तबला सगळं घरचंच. भावानं व्हिडिओ टाकला आणि संध्याकाळी एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा! आवाज बंद. अहो, 'संगीत शारदा' १८९९ चं, ते लिहिणारे नाटककार, आमच्या हरिपूरचेच गोविंद बल्लाळ देवल, १९१६ साली गेले. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे कधीच संपला. कंपनीची मालकी असेल तर तिच्या रेकॉर्डिंगवर, पदावर नाही. पण साइटवर गाणी आपोआप ताडून बघणारं यंत्र असतं, त्याला चाल जुळली की पुरे. हरकत घ्यावी तर ती आधी तपासणार तीच कंपनी!

मिरजेचा कॅमेरावाला
तुमचं खरं, पण माझं ऐका. मी जत्रेतले तमाशे शूट करतो, फडमालकाला पैसे देऊन, लिहून घेऊन. दोन तासांत अख्खा वग दुसऱ्याच चॅनलवर, माझं नाव पुसून. विचारलं तर म्हणे, "कला सगळ्यांची असते." मग पेट्रोल आणि पोरांची हजेरीही सगळ्यांनी द्यावी की! यंत्र नसतं तर रात्रभर लिंका शोधत बसलो असतो.

कोर्टकट्टा
कायदा दोघांचाही विचार करतो. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार लेखी तक्रार आली की साइटनं ३६ तासांत मजकूर थांबवायचा. तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर पुन्हा दाखवायला मोकळीक. समीक्षेसाठी, बातमीसाठी रास्त वापरही चालतो. पण साइटची यंत्रं चालतात तिच्या स्वतःच्या अटींवर, ज्या आपण न वाचता मान्य करतो.

हरिपूरकर
२१ दिवस! गणपतीतलं गाणं पितृपक्षात ऐकवायचं का? खोटा दावा करणाऱ्याला दंड लावा, मग बघा.

मिरजेचा कॅमेरावाला
जत्राही दोनच दिवसांची असते, दादा. चोरलेला वग तेवढ्यातच बघून होतो. आणि दंडाचं म्हणाल तर कंपनी तो भरून मोकळी होईल. माझ्याकडून एखादा दावा चुकला तर मी कॅमेरा विकू?

हरिपूरकर
तुम्ही स्वतः बघून दावा करता, कंपनी यंत्रावर सोडते. दंड त्या हलगर्जीला हवा.

कोर्टकट्टा
कॉपीराइट कायद्यात कलम ६० आहे. हक्क नसताना कॉपीराइटच्या कारवाईची धमकी दिली, तर नुकसानभरपाई मागता येते. पण एका पदासाठी दिवाणी दावा कोण लढवणार? तूर्त हरकत नोंदवा. त्यात देवलांच्या मृत्यूचं साल घाला, आणि गायन-वादन घरचंच आहे हे स्पष्ट लिहा.