लोकांना तिरंदाजी करून पाहू देण्याचा दिवस आणि सदस्यांची सहल: तयारी कशी करावी?

नवाबाण:
नमस्कार. आमच्या हौशी क्लबला या उन्हाळ्यात दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, मोकळ्या मैदानावर कुणीही यावं आणि चार बाण मारून पाहावेत असा दिवस. दुसरी, सदस्यांसाठी झाडीतल्या जागेत फील्ड आर्चरीची (वाटेने चालत एकेका टार्गेटवर नेम धरण्याची) सहल. पहिल्यासाठी ८ रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेली) धनुष्यं, ३ टार्गेटं, एक जाळी आणि शिकवू शकतील असे ५ जण आहेत. किती पाउंडाच्या (म्हणजे ओढायला किती जोर लागेल अशा) लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या, लावाव्यात? अंतर किती ठेवावं, एका वेळी किती जण उभे करावेत? जाळी असली तर मागे मोकळी जागा लागते का? आणि उन्हात साहित्याला काय होतं?

पिवळं_वर्तुळ:
धनुष्यं ८ असली तरी रेषेवर ६ जणच घ्या, एका टार्गेटवर दोघे. पाचांपैकी एकाने फक्त शिट्टी आणि मैदान सांभाळायचं, त्याने कुणालाही शिकवायला जायचं नाही. तिघांनी दोन-दोन नवखे घ्यायचे. पाचवा मागे थांबून आर्मगार्ड (हाताचं संरक्षक कवच) आणि फिंगर टॅब (बोटांवरचा चामड्याचा तुकडा) चढवतो, प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना पुढे असतो तो, तपासतो. हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट करायला सांगा आणि त्यातून तुमच्या नाकाकडे पाहायला लावा. त्या फटीत तुम्हाला दिसतो तो प्रबळ डोळा. डावा डोळा प्रबळ असणाऱ्यांसाठी ८ पैकी २ धनुष्यं डावखुरी ठेवा.

अंतर ८ ते १० मीटर, टार्गेटवरचा वर्तुळांचा कागद १२२ सेंटीमीटरचा. १८ मीटरचा मोह टाळाच. नवख्याचे बाण गवतात गेले की सगळा वेळ ते शोधण्यात जातो आणि त्याचाही हिरमोड होतो. तीन-तीन बाणांच्या तीन फेऱ्या, आधी पाच मिनिटं समजावणं, असं धरलं तर एक तुकडी २० मिनिटांत उरकते, म्हणजे तासाला १८ लोक. वेळ लिहिलेली टोकनं द्या, रांग उन्हात उभी ठेवू नका.

शिट्ट्या स्पर्धेतल्याच वापरा: दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला चला. सलग पाच किंवा जास्त वाजल्या की बाण सोडायचा नाही, प्रत्यंचा सावकाश परत आणायची. ही शेवटची खूण प्रत्येक तुकडीकडून हातात धनुष्य देण्याआधी वदवून घ्या.

प्रत्यंचा_६८:
मोठ्यांना १६ ते २० पाउंड, दहा-बारा वर्षांच्या मुलांना १२ ते १४. लिंबवर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. नवखे २५-२६ इंचच ओढतात, त्यामुळे हलक्या धनुष्यावर इंचामागे साधारण एक-दीड पाउंड कमी भरतो. म्हणून २४ पाउंडाची लिंब "कमीच लागेल" म्हणून देऊ नका. तिसऱ्या फेरीला खांदा वर चढतो आणि सगळं बिघडतं.

बाण अल्युमिनियमचे, सगळे एकाच लांबीचे, ३० इंच. मुलांचे आखूड बाण त्यात मिसळू देऊ नका. उंच माणसाने आखूड बाण ओढला तर टोक रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) मागे येतं आणि बाण थेट हातात घुसू शकतो. कार्बनचे बाण या दिवसासाठी नकोत, चिरले की टोकदार कुसळं उडतात. नॉकही (बाणाच्या मागच्या टोकाची, प्रत्यंचेत बसणारी खाच) पाहा: बाण प्रत्यंचेला लटकवून बोटाने टिचकी मारली की तो सुटायला हवा. आपोआप गळत असेल तर नॉक सैल आहे. सोडताना तो निसटला की धनुष्य रिकामं सुटल्यासारखं होतं आणि लिंब तडकते.

नेहमीच्या चुका दोन. बाण रेस्टवरून पडतो, कारण बोटं नॉकला चिमटीत धरतात. तिन्ही बोटं बाणाखाली ठेवायला सांगा. प्रत्यंचा कोपराच्या आतल्या बाजूला लागते. कोपर बाहेरच्या बाजूला फिरवायला शिकवा. मोकळे केस, लांब माळ, सैल बाही, खिशातलं पेन हे सगळं आधीच आवरा. धनुष्य आभाळाकडे करून ओढत खाली आणणाऱ्याला मात्र ताबडतोब थांबवा. हलकं धनुष्यही वर रोखलेला बाण शंभर मीटरच्या आसपास नेऊ शकतं.

जाळीवाला:
म्हणूनच जाळी असली तरी मागे मोकळी जागा हवीच. पायवाट, वाहनतळ, खाण्याचे तंबू असं काहीही त्या दिशेला नको. जाळी ताणून बांधली की बाण आरपार जातो. ती सैल लोंबती ठेवा आणि खालची कड हातभर जमिनीवर पसरू द्या, नाहीतर खालून सरपटत निघून जातात. टार्गेटच्या स्टँडला मागून दोर आणि खुंटी लावा. वाऱ्याने पालथं पडलं तर त्यातले सगळे बाण वाकतात.

बाण उपटताना एक हात टार्गेटवर, दुसरा बाणाच्या मुळाशी. समोर कुणी उभं नको, नॉक थेट डोळ्याच्या उंचीला येतो. टार्गेटकडे कुणीही पळायचं नाही.

नवाबाण:
खूप उपयोगी. मुलांसाठी फुगे लावावेत का?

पिवळं_वर्तुळ:
जरूर लावा, पण शेवटच्या फेरीलाच. आधी लावले तर मुलं ढंग सोडून नुसती फुग्यामागे लागतात. फुग्यांचे तुकडे गवतातून वेचून घ्या.

झाडीतला_नेम:
सहलीबद्दल. प्रत्येक टार्गेटमागे मातीचा उतार किंवा बांध हवा. चढावर टार्गेट लावलं आणि मागे आभाळ दिसत असेल तर ती जागा सोडून द्या. तीन-चार जणांचे गट करा. मागे बाण शोधायला जाताना एकाने टार्गेटसमोर थांबायचं किंवा कागदासमोर धनुष्य टेकवून ठेवायचं, म्हणजे मागून येणाऱ्या गटाला कळतं. फिरण्याची दिशा एकच, उलट कुणीही यायचं नाही.

उन्हाबद्दल: बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. तापल्याने लिंबचे थर सुटतात. बाणाची टोकं हॉट मेल्टने (तापवून लावायच्या गोंदाने) बसवलेली असतील तर तीही सैल होतात. टार्गेटच्या फोममधून बाण उपटला की टोक आतच राहतं. उपटताना टोकासकट आला का हे पाहायची सवय लावा, कारण पुढचा बाण त्या अडकलेल्या टोकावर आदळू शकतो. डेक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) प्रत्यंचा उन्हात थोडी लांबते, त्यामुळे धनुष्याच्या मुठीपासून तिचं अंतर घटतं. दुपारी पुन्हा मोजा. ६८ इंची धनुष्याला हे अंतर साधारण साडेआठ ते नऊ इंच असतं. घटलं असेल तर प्रत्यंचा उतरवून तिला काही पीळ जास्त द्या.