दावीद राजा नाचला म्हणून आपणही चर्चमध्ये ड्रम बडवायचे?

पितळी_झांज
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की प्राचीन इस्राएलची उपासना शांत, गंभीर असे आणि ढोलकी-ड्रम हे कालचं खूळ आहे. डोकंच फिरलं. बायबलातलं स्तोत्र १५० उघडा की! कर्णा, वीणा, डफ, नाच, आणि झांजा तर लागोपाठ दोनदा. मिसरातून सुटून समुद्र ओलांडल्यावर मोशेच्या बहिणीने, मिर्यामने, डफ घेतला आणि बाकीच्या बाया नाचत तिच्या मागे निघाल्या. बायबलातल्याच १ इतिहास २५ मध्ये मंदिराचे तयारीचे गवई मोजून २८८. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, यरुशलेमात आणताना खुद्द दावीद राजा एफोद, म्हणजे पुरोहिताचं वस्त्र, घालून नाचला. उगाच त्याच्या बायकोसारखं, मीखलसारखं, खिडकीतून बघत नाक मुरडू नका.

खडीसाखर
ते 'कुणीतरी' म्हणजे मीच. इतिहासाचं पुस्तक बाबेलच्या बंदिवासानंतरचं, दावीदाला जाऊन तेव्हा शतकं लोटली होती. त्यामुळे २८८ जपून वापरा. आणि ते नेमलेले, शिकलेले लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेच्या वंशातले, होते. आमच्याकडे चार पोरं आणि एक अ‍ॅम्प्लिफायर. आमोस संदेष्ट्याचं ५:२३ सोयीने विसरलात? तुमच्या गाण्यांचा गोंगाट नको, असं देवच म्हणतो.

पितळी_झांज
पुढचीच ओळ न्यायाची आहे, ती कोण वाचणार? राग गरिबाला तुडवून वर गाणाऱ्यांवर आहे, वीणेवर नाही.

शनवारतेली
तुम्हा दोघांच्या भांडणात यरुशलेमचं मंदिर आम्हा यहुद्यांचं, म्हणून मध्ये पडतो. सुक्कोथच्या, म्हणजे मांडवांच्या सणाच्या, रात्री मंदिराच्या अंगणात उंच दिवे लागत. वाती कशाच्या, तर पुरोहितांच्या जुन्या विजारी आणि कमरपट्टे फाडून केलेल्या! पंधरा पायऱ्यांवर लेवी वाद्यं घेऊन उभे आणि भलेभले धर्मनिष्ठ हातात मशाली घेऊन नाचायचे. हे मिश्नात, आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, आहे. इ.स. ७० मध्ये मंदिर गेलं. आता आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, वाद्य नाही. तार तुटली तर हात दुरुस्तीला जाईल म्हणून. पण मराठी कीर्तनाला बसली की आमची आजी मांडीवर ताल धरायचीच.

वेलदोडा
मीखलचं नाव निघालं म्हणून लिहिते. २ शमुवेल ३ वाचलंय का कुणी? तिचं दावीदावर प्रेम होतं, तरी बापाने, शौल राजाने, तिला पालटीएल नावाच्या दुसऱ्या माणसाला देऊन टाकली. मग दावीदाने राजकारणासाठी परत मागवली. तो दुसरा नवरा बहूरीम गावापर्यंत रडत तिच्या मागे चालला. तिला कुणी विचारलं? अशी बाई नाच बघून टाळ्या वाजवेल?

पितळी_झांज
ताई, विषय संगीताचा आहे.

वेलदोडा
संगीताचंच सांगतेय. आईला अर्धशिशी आहे. चर्चमध्ये तीस वर्षांची तिची जागा, तिच्या डोक्यावरच स्पीकर टांगला. 'आवाज जरा कमी करा' म्हणाली, तर पुढच्या रविवारी प्रवचनात 'आपल्या मंडळीतल्या मीखली'! नाव घेतलं नाही, पण माना सगळ्यांच्या तिच्याकडेच वळल्या. आता ती व्हरांड्यात चपलांशेजारी बसते.

खडीसाखर
मी वेगळं काय म्हणत होतो?

वेलदोडा
तुम्ही तर बोलूच नका. तुमच्याच विचाराच्या लोकांनी 'तमाशातली' म्हणून ढोलकी कपाटात कोंडली होती. ऑर्गन तेवढा सोवळा! ती ढोलकी आईच वाजवायची.

पितळी_झांज
बरं बाई, स्पीकरचं मान्य. पण झांजा दोनदा आहेत, त्या काही खोडता यायच्या नाहीत.

शनवारतेली
आहेत हो दोनदा. पण त्यांना प्लग नव्हता.