लॉरी माहर चषक: तळाच्या काउंट्यांना हर्लिंगचा काउंटी संघ हवाच का?

शॅननकाठ: हर्लिंग म्हणजे आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ. त्यातल्या काउंट्यांच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) चषक स्पर्धांची उतरंड अशी: वर लियम मॅकार्थी, मग जो मॅकडोना, क्रिस्टी रिंग, निकी रॅकर्ड आणि तळाला २००९ पासूनचा लॉरी माहर. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा खेळ चालवणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनपुढे प्रस्ताव आला, की कॅव्हन, फर्मॅना, लेट्रिम, लाँगफर्ड आणि लाउथ यांना या चषकांहून वेगळ्या असलेल्या राष्ट्रीय लीगमधून वगळावं. तिथे मोठ्यांचे पाच क्लबही नाहीत. वाचणारा पैसा मुलांवर लावू म्हणे. खेळाडू खवळले, प्रस्ताव बारगळला. पण ‘कल्पना तशी बरी होती’ असं म्हणणारे अजून भेटतात, म्हणून हा धागा. मला ती साफ चूक वाटते. बिनपगारी खेळणाऱ्या माणसाच्या अंगावरून त्याच्या काउंटीची जर्सी काढायची, आणि तीही विकासाच्या नावाखाली?

पायाआधी: मी त्या प्रस्तावाच्या बाजूने आहे. तीन-चार क्लबांतून तीस जण गोळा केले की काउंटी संघ उभा राहतो, खेळ मात्र आहे तिथेच राहतो. लेट्रिमची लोकसंख्या ३५ हजारांच्या आसपास, त्यात गेलिक फुटबॉलचं वेड. तिथे आधी शाळेतल्या पोरांच्या हातात हर्ली, म्हणजे खेळाची काठी, द्या.

मँचेस्टरकर: पोरांनी हर्ली धरायची ती कोणाकडे बघून? २०१९ चा लॉरी माहरचा अंतिम सामना आठवा. डब्लिनच्या क्रोक पार्क या मोठ्या स्टेडियमवर लेट्रिम विरुद्ध लँकेशर, म्हणजे इंग्लंडमधला संघ! सामना जादा वेळेत गेला, लेट्रिम एका गुणाने जिंकलं. आमचा लँकेशर हरला तरी सांगतो, त्या दिवशी ही शेवटची पायरी आहे असं कोणाला वाटलं नसेल.

पायाआधी: एक दिवस क्रोक पार्क, आणि उरलेलं वर्ष?

शॅननकाठ: उरलेल्या वर्षासाठीच तर लीग हवी! आणि पायऱ्या चढता येतात. ऑफली क्रिस्टी रिंगपर्यंत घसरलं होतं. २०२१ मध्ये तो चषक जिंकला, २०२४ मध्ये जो मॅकडोना, आणि २०२५ ला पुन्हा लेन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत वरच्या संघांशी भिडलं.

पायाआधी: ऑफलीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, ताई. त्यांच्याकडे बिर आहे, चार वेळा अखिल-आयर्लंड क्लब विजेता. क्लब जिवंत होते म्हणून काउंटी परत उठली. लाँगफर्डकडे असा एक तरी क्लब दाखवा.

शॅननकाठ: बिरचा पहिला किताब १९९५ चा. ऑफलीने लियम मॅकार्थी पहिल्यांदा उचलला १९८१ मध्ये. आधी काउंटी, मग बिर.

पायाआधी: आणि त्याही आधी सेंट रायनाझ! १९७१ मध्ये क्लबांची अखिल-आयर्लंड स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा अंतिम सामन्यात ऑफलीचाच हा क्लब होता. काउंटीच्या चषकाआधी दहा वर्षं.

शॅननकाठ: हे मान्य, क्लब आधी. पण त्या दहा वर्षांत ऑफलीला कोणी लीगमधून काढलं नव्हतं. लाँगफर्डलाही तेवढीच मुदत द्या.