पिरॅमिडच्या आत जायचं, पण रात्रीच्या रेल्वेच्या दिवशी नको

इजिप्तमधल्या गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत काहीच नाही, तिकीट वाया जातं, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. राजाच्या दालनात झाकण नसलेली ग्रॅनाइटची पेटी सोडली तर खरंच काही नाही. पण तिथवर जाणारी ती साडेआठ मीटर उंच, चढती दगडी गॅलरी! साडेचार हजार वर्षं उभी आहे. मला तेवढ्यानेच पैसे वसूल वाटले.

खरी गोम वेगळी आहे. गॅलरीच्या आधीचा चढता बोगदा जेमतेम सव्वा मीटर उंच, जवळजवळ ४० मीटर लांब, आणि तोही कंबरेत वाकून चढायचा. आमच्या ग्रुपने सकाळी हे केलं, मग सक्कारा (तिथले जुने पिरॅमिड), संग्रहालय, आणि रात्री थेट दक्षिणेकडच्या अस्वान शहराची रेल्वेगाडी. हॉटेल सकाळीच सोडलेलं, बॅगा बसच्या पोटात, अंगावर घामाने चिकटलेली वाळू. स्लीपरच्या दोघांच्या डब्यात बेसिन असतं, अंघोळीची सोय नसते. त्यात माझा बर्थ वरचा! मांड्या इतक्या धरल्या होत्या की शिडी चढताना खालच्या काकूंनी अक्षरशः ढकललं मला.

तेव्हा आत जायचंच तर आदल्या दिवशी जा. गाडीच्या दिवशी एक जोडी कपडे आणि पंचा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग रात्री उघडायला जागा नसते. आणि सकाळी खिडकीपाशी बसा. अस्वानच्या आधी लागणाऱ्या कोम ओम्बो गावाच्या आसपास दुतर्फा ऊसच ऊस. आमच्यातले कोल्हापूरकर एकदम जागे झाले.